एकट्याने ॲडव्हेंचर ट्रिपला जायचंय? पुण्यातून सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी एकटीच ट्रेकला, कोर्सला, कधी पाण्यात कधी बर्फात जातेय, आणि हे कळलं की लोक विचारायला लागतात. ऑफिसातले, सोसायटीतले, कुणाच्या तरी मावसबहिणीची मुलगी. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली. जिथे एक उत्तर दुसऱ्यात अडकलंय तिथे नंबर दिलाय, तो उघडून वाचा.

१. एकट्याने ॲडव्हेंचर म्हणजे डोंगरात एकटंच फिरायचं का?

नाही. एकट्याने ठरवायचं, एकट्याने बुकिंग करायचं, एकट्याने घरातून निघायचं, पण जिथे पाय घसरला तर जिवावर बेतेल तिथे दुसरा माणूस हवाच. मी ह्या एका गोष्टीवर कधीच तडजोड करत नाही.

गंमत बघा, ज्या प्रकारांना घरचे सगळ्यात जास्त घाबरतात त्यात हा दुसरा माणूस आधीच असतो. टँडेम पॅराग्लायडिंगला पायलट तुमच्या मागे बसलेला असतो, राफ्टमध्ये गाईड असतो, स्कूबाला इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो. आणि ज्याला सगळे सोपं समजतात तो साधा गडावरचा ट्रेक, तिथे तुमच्यासोबत कुणी आहे की नाही हे बघायला कुणीच नसतं. त्यामुळे एकट्या माणसाला राफ्टिंगपेक्षा आडवाटेचा, आडवारचा गड जास्त धोक्याचा असं माझं ठाम मत आहे.

२. मी कधीच एकट्याने कुठे गेलेलो नाही, सुरुवात कुठून करू?

सिंहगड. हसू नका, खरंच. स्वारगेटवरून पीएमटीने पायथ्याला जायचं, आतकरवाडीची वाट धरायची, रविवारी पहाटे त्या वाटेवर इतकी माणसं असतात की एकटं चढायला शिकायला पुण्याजवळ दुसरी इतकी सुरक्षित जागा नाही. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा आणि त्याच वाटेने खाली या. ह्यातून चढण्याची सवय होते हे खरं, पण मुख्य म्हणजे आपण आपल्या वेगाने चालतोय, पाणी आपलं आपण मोजतोय, कंटाळा आला तर बोलायला कुणी नाही, हे जमतं का ते कळतं. काहींना नाही आवडत, त्यात काही वाईट नाही.

मग लोहगड. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गावातून चालत जा, जाताना लेणी बघा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात लोहगड आणि राजगड दोन्ही आहेत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे वर्दळ असते. राजगड तिसरा, गुंजवण्यातून किंवा पाली दरवाज्याने, पण पहिल्यांदा कुणासोबत तरी.

राजगड-तोरणा एका दमात, किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, ह्या गोष्टी एकट्याने करू नका. अनुभव असला तरी. नळीच्या वाटेत वरून दगड येतात आणि तिथे अडकलात तर आवाज कुणापर्यंत पोचत नाही. त्याच गडावर पाचनईकडून सोपी वाट आहे, ती घ्या.

३. फिटनेस किती लागतो?

पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन सिंहगड चढून-उतरून दुसऱ्या दिवशी ऑफिसचे जिने नीट चढता आले तर सह्याद्रीतल्या बहुतेक एकदिवसीय ट्रेकसाठी तुम्ही तयार आहात. हिमालयासाठी ह्याच्या आधी दोन-तीन महिने वेताळ टेकडी नाहीतर तळजाई रोज. जिममध्ये नुसतं ट्रेडमिल करून येणाऱ्यांचे गुडघे उतरताना बोलतात, त्यामुळे उतरण्याची प्रॅक्टिस करा, ती कुणी करत नाही.

४. ग्रुपसोबत जायचं तर कुठला ग्रुप चांगला हे कसं ओळखू? इन्स्टावर तर सगळेच भारी दिसतात.

फोटो बघून काहीच कळत नाही. महाराष्ट्र सरकारचं २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तर पहिला प्रश्न तोच विचारा, नोंदणी आहे का, दाखवा. मग विचारा की किती जण आहेत आणि लीडर किती. लीडरने फर्स्ट एडचा किंवा गिर्यारोहणाचा कोर्स केलाय का. कुणाला लागलं तर खाली कसं आणणार, जवळचं हॉस्पिटल कुठलं. ह्याचं उत्तर देताना समोरचा चिडला किंवा "काही होत नाही हो" म्हणाला की फोन ठेवून द्या.

एका बसमध्ये ५० जण आणि पुढे-मागे एकेक पोरगा, असे ट्रेक मी पाहिलेत. तिथे एकटा आलेला माणूस सगळ्यात आधी हरवतो, कारण मोजताना त्याची आठवण करून द्यायला त्याचा मित्र नसतो. म्हणून निघताना लीडरला स्वतःहून सांगा, मी एकटी आलेय, आणि शेजारच्या सीटवरच्या माणसालाही सांगा.

नफ्यासाठी नसलेले पर्यायही आहेत. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे हिमालयातले ट्रेक स्वस्त असतात, कसोलहून सर पासला जाणारा त्यातला गाजलेला, आणि तिथे एकटे येणारे भरपूर असतात. पुण्यात गिरिप्रेमी १९८२ पासून आहे, नीट शिकायचं असेल तर तिकडे चौकशी करा.

५. एकट्याला खर्च जास्त येतो का?

राहण्यात येतो, बाकी फारसा नाही. पॅकेजचा रेट बहुतेक दोघांत एक खोली धरून असतो आणि एकट्याला वेगळी खोली हवी की वरचे पैसे लावतात, तर बुकिंगच्या वेळीच "शेअरिंग चालेल" सांगा, डॉर्मिटरी असेल तर घ्या. जीपचा खर्च सगळ्यात जास्त टोचतो, तिथे बेसला पोचून दुसऱ्या एकट्या लोकांसोबत वाटून घेता येतो. पैसे वाचवायला गाईड मात्र सोडू नका.

६. ताई, घरचे सोडतच नाहीत. आईला कसं पटवू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मुलांकडूनही येतो, नुसत्या मुलींकडून नाही.

पटवायला वाद घालू नका, कागद द्या. मी एका पानावर लिहून फ्रिजला लावते: कुठला गड, कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, गावात ज्यांच्याकडे जेवणार त्यांचा नंबर, गाडीचा नंबर, आणि दोन वेळा. पहिली वेळ म्हणजे मी खाली उतरून मेसेज करणार ती. दुसरी त्याच्या तीन तास पुढची, तोपर्यंत माझा मेसेज आला नाही तर आधी गावातल्या नंबरला फोन, मग ११२ ला. पहिल्या वेळेला कुणी घाबरायचं नाही आणि दुसऱ्या वेळेनंतर कुणी वाट बघत बसायचं नाही.

हे मी चुकीतून शिकले. एकदा गुंजवण्यात उतरायला उशीर झाला, शेवटची गाडी गेलेली, फोन बंद पडलेला, मी आरामात एका घरी जेवून झोपले आणि सकाळी फोन चार्ज केला. आई रात्रभर बसून होती. कुणाला फोन करावा हेच तिला माहीत नव्हतं, कारण मी गडाचं नाव सोडून काही सांगितलंच नव्हतं. ज्यांच्या घरी मी जेवत होते त्यांच्या फोनवरून एक कॉल करायचा होता फक्त. त्या दिवसापासून कागद आहे, आणि आता आई स्वतःच विचारते, दुसरी वेळ लिहिलीस का.

घरच्यांना पटायला वेळ लागतो. पहिल्या चार-पाच ट्रिप ठरल्या वेळेला मेसेज आला की आवाज बदलतो.

७. मुलगी एकटी असेल तर वेगळं काय बघायचं?

अनोळखी बेसला अंधारात पोचायचं नाही, ही पहिली गोष्ट, मग त्यासाठी एक रात्र आधी निघावं लागलं तरी चालेल. टेंट कुणासोबत आहे हे पैसे भरायच्या आधी विचारा आणि लेखी घ्या, "तिकडे आल्यावर बघू" हे उत्तर चालणार नाही. गावात बायका घरी आहेत अशा घरात उतरा, भाकऱ्या थापायला बसा, रात्रभरात अख्ख्या गावाला माहीत होतं की तुम्ही कुणाच्या पाहुण्या आहात आणि त्याचा उपयोग होतो. एकटी आहे का असं वाटेत कुणी विचारलं तर "मागून ग्रुप येतोय" म्हणायचं. हे खोटं बोलताना मला कधीच वाईट वाटलेलं नाही.

पाळीचं सामान तारीख नसली तरी सोबत ठेवा, उंचीवर आणि दमणुकीने तारखा बदलतात. वापरलेलं परत आणायला जाड पिशवीही ठेवा.

८. कामशेतला पॅराग्लायडिंग एकट्याने करता येतं का?

येतं, आणि लोकलनेही जाता येतं, कामशेत स्टेशन पुणे-लोणावळा लाईनवरच आहे. सिझन साधारण पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत, पावसाळ्यात बंद.

टँडेमला तुम्हाला काही यावं लागत नाही. टेकऑफला पायलट "पळा" म्हणाला की पळत राहायचं, पाय जमिनीवरून सुटले असं वाटलं तरी थांबायचं नाही आणि लगेच खाली बसायचं नाही, कारण लवकर बसल्यानेच टेकऑफ बिघडतो. वजन खरं सांगा. वारा नसेल किंवा जास्त असेल तर टेकडीवर तासन्‌तास बसून राहावं लागतं, कधी उडायला मिळतच नाही, म्हणून त्या दिवशी दुसरा काही प्लॅन ठेवू नका आणि पायलट नाही म्हणाला तर त्याच्या मागे लागू नका. आवडलं तर तिथेच बेसिक कोर्स आहेत, पहिले दिवस नुसते जमिनीवर विंग सांभाळण्यात जातात.

बीर-बिलिंगला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणं बंद असतात.

९. पोहता येत नाही. राफ्टिंग, स्कूबा जमेल का?

दोन्ही जमतं, पण पाण्याला घाबरून हातपाय झाडणारे असाल तर आधी कुठल्याही स्विमिंग टँकमध्ये दोन आठवडे घाला.

कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर. पाणी सकाळी येतं, म्हणून राफ्टिंगही सकाळीच असतं, उशिरा पोचलात तर गेलं. पुण्याहून ताम्हिणी घाटाने जायचं, पण पावसाळ्यात पहाटेच्या अंधारात धुक्यातून एकट्याने टू-व्हीलरवर घाट उतरण्यात राफ्टिंगपेक्षा जास्त धोका आहे, तर आदल्या दिवशी उजेडात जाऊन कोलाडला राहा. लाईफ जॅकेटचे पट्टे गाईडकडून घट्ट करून घ्या. पाण्यात पडलात तर पाठीवर झोपायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, पाय दगडात अडकतो.

स्कूबासाठी तारकर्ली-मालवण. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीला आहे. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत समुद्र बंद. सर्दी असेल, नाक चोंदलेलं असेल तर पाण्याखाली जाऊ नका, कानावर दाब येतो आणि पडदा दुखावतो, पैसे बुडाले तरी चालतील. दमा असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि डाईव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी १८ तास जाऊ द्या, परतीचं फ्लाईट त्याच दिवशीचं काढू नका.

१०. पावसाळ्यात एकट्याने धबधबा करायचाय, देवकुंड, अंधारबन वगैरे. काय म्हणता?

नको म्हणते. जून २०२४ मध्ये भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं, पाच जण, आणि ते एकटे नव्हते. पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसाने वाढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही. तुम्ही ओढा ओलांडून पलीकडे गेलात आणि तासाभरात तोच ओढा कमरेइतका झाला की परत यायला वाट नाही.

शिवाय बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, वनखातंही वाटा बंद करतं, तर निघायच्या आदल्या दिवशी चालू आहे का ते बघा. बंदी असताना "आतल्या वाटेने नेतो" म्हणणाऱ्यासोबत जाऊ नका. पावसाळाच अनुभवायचा असेल तर लोहगड करा, वर्दळीच्या दिवशी.

११. पुरंदरला एकट्याला आत सोडतात का?

सोडतात. लष्कराच्या ताब्यातला भाग आहे म्हणून ओळखपत्र लागतं, ओरिजिनल ठेवा, आणि संध्याकाळी बाहेर पडावं लागतं. मुक्काम नाही.

१२. मग गडावर मुक्काम एकट्याने कुठेच नाही का?

काही गडांवर मुक्कामाला मनाई आहे, त्यामुळे पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय सॅक बांधू नका. मला विचाराल तर एकट्याने गावातच राहावं, पहाटे उठून चढावं. सूर्योदय मिळतो, गरम जेवण मिळतं, आणि तुम्ही वर गेलाय हे गावात एका घराला माहीत असतं.

१३. पहिल्यांदाच हिमालयात चाललोय, एकटाच. उंचीचं काय?

पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, लेह ३५०० वर. विमानाने काही तासांत तिथे उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, फिट असाल तरीही. फिटनेसचा आणि उंची लागण्याचा, म्हणजे विरळ हवेचा त्रास होण्याचा, संबंध नाही, उलट फिट पोरं जोरात पळतात आणि त्यांनाच लागते. ३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का हे इथेच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

एकट्या माणसाचा खरा धोका वेगळाच आहे. उंची डोक्यात गेली की माणसाला स्वतःला कळत नाही, बडबडतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालतो, हे दुसऱ्यालाच दिसतं. खोलीत तुम्ही एकटे. म्हणून होमस्टेच्या काकूंना नाहीतर शेजारच्या खोलीत सांगून ठेवा, सकाळी आठपर्यंत बाहेर आलो नाही तर दार वाजवा. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला तर थांबायचं नाही, त्याच वेळी खाली उतरायचं, रात्र असली तरी आणि कुणाला तरी सोबत घेऊनच.

जाताना जमलं तर पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जा. अंबाल्याला उतरून मनालीची बस, पठाणकोटला उतरून धरमशाला-बीरकडची. आणि हळूहळू चढत गेल्याने शरीरालाही बरं.

१४. एकट्याने जाऊन नीट गिर्यारोहण शिकायचंय. कुठे?

माझ्या मते एकट्या माणसासाठी ह्याच्याइतकी चांगली सुट्टी नाही. उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट जी १९५४ पासून आहे, आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, तिन्ही सरकारी. बेसिक कोर्स २६ ते २८ दिवसांचा असतो. बहुतेक सगळे एकटेच आलेले असतात, पहिल्याच दिवशी रोपमध्ये, म्हणजे एकत्र चढणाऱ्या छोट्या टीममध्ये, वाटले जातात आणि महिनाभर तो रोपच तुमचं घर. जागा लवकर भरतात, ऑफिसात रजेचं त्याआधी बोला. वयाची अट आणि मेडिकल फॉर्म अर्जाबरोबर नीट वाचा.

१५. ॲडव्हेंचरला मेडिक्लेम चालत नाही म्हणे?

अर्धवट खरं. आपल्याकडच्या हेल्थ पॉलिसीत जो ठराविक अपवाद असतो तो "व्यावसायिक म्हणून" साहसी खेळात भाग घेणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे, त्यात राफ्टिंग, स्कूबा, गिर्यारोहण सगळी नावं येतात. हौशी माणसाला तो तसाच्या तसा लागू होत नाही. पण अपघात विमा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचे शब्द वेगळे असतात, काहींत उंचीची मर्यादा असते, आणि डोंगरातून खाली आणायचा खर्च हॉस्पिटलच्या बिलात धरला जात नाही. कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

१६. नेपाळला एकट्याने ट्रेक करता येतो का? आपल्याला तर व्हिसा लागत नाही.

व्हिसा लागत नाही पण आधार कार्डावर जाता येईल असं धरून चालू नका, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र घ्या. आणि १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केलाय. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, तरी मी गाईड घ्याच म्हणेन, कारण प्रश्न १ आणि १३.

१७. वाट चुकलो आणि रेंज नाही, तर?

थांबा. पाणी प्या. शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथे परत जा. सह्याद्रीत ओढ्याने खाली उतरत गेलं की गाव लागतं असं बरेच जण समजतात, पण आपल्याकडचे ओढे कड्यावरून पडतात, मग खाली जाता येत नाही आणि वर चढता येत नाही. अंधार पडला तर उघड्या, सपाट जागी बसून राहा. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून परत. फोन एअरप्लेनवर टाकून बॅटरी वाचवा, उंचवट्यावर गेलात की सुरू करून ११२ लावा.

महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाईन घरून निघायच्या आधी सेव्ह करा, गडावर शोधायला नेट नसतं. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र असोत किंवा बाकीच्या टीम, ही माणसं स्वतःची कामं सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात, त्यांना तुमचं शेवटचं ठिकाण नीट माहीत असेल तर अर्धा वेळ वाचतो. तो प्रश्न ६ मधला कागद ह्यासाठीच आहे.

आग्या मोहोळाचंही इथेच सांगते. परफ्यूम लावून गडावर जाऊ नका, वर धूर करू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा झाकून तिथून लांब व्हा.

१८. ग्रुपमध्ये आहे, मध्येच परत फिरायचंय, पण लीडर म्हणतो थोडंच राहिलंय. काय करू?

परत फिरा. मित्रांसोबत असलो की कुणीतरी आपला चेहरा बघून "अरे ही दमलीय" म्हणतं. एकटे आलात तर ते तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि अनोळखी पंचवीस जणांसमोर म्हणायला जड जातं. मी एकदा म्हटलं नाही. ताप होता, सगळे चाललेत म्हणून चालत राहिले, उतरताना चक्कर येऊन पडले आणि दोन मुलांनी आळीपाळीने धरून मला खाली आणलं. त्यांची नावंसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हती.

म्हणून आदल्या रात्रीच लीडरला विचारा, मला अर्ध्यातून उतरावंसं वाटलं तर माझ्यासोबत कोण येणार? नाव सांगितलं तर ठीक. "एकटेच उतरा, वाट सरळ आहे" असं म्हणाले तर सकाळी निघूच नका, गावात थांबा, जेवणाचं सांगून ठेवा आणि घरी मेसेज करा की आज वर जात नाहीये.